बर्फाचे फूल आणि तासांचा हिशेब

थंडी सुरू झाली की धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या आमच्या घरांत दुपारच्या उन्हाला बायका अंगणात बसतात आणि सुई-दोऱ्याचा डबा बाहेर येतो. कुणी टोपी विणते, कुणी दुपट्ट्याला झालर लावते, कुणी जुन्या साड्यांची वाकळ शिवायला घेते. अलीकडे या डब्यात एक नवा पाहुणा दिसतो, पांढऱ्या दोऱ्याचे सहा पाकळ्यांचे बर्फाचे फूल. मुली मोबाइलवर पाहून ते विणतात, खिडकीत टांगतात, भेटवस्तूवर बांधतात, आणि काही जणी विकूही लागल्या आहेत. म्हणून वाचक भगिनींनो, या महिन्यात आम्ही याच फुलाविषयी लिहितो आहोत. ते विणायचे कसे हे सांगूच, पण त्याचे मोल कसे ठरवायचे हे सांगणे आम्हाला जास्त गरजेचे वाटते.

आधी फुलाची ओळख करून घेऊ. आपल्याकडे आभाळातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला शेतकरी अजून विसरलेला नाही. गार म्हणजे वादळी ढगात थरावर थर चढून झालेला बर्फाचा गोळा. त्याला पाकळी नाही की नक्षी नाही. थंड मुलखात भुरभुरणाऱ्या हिमाची गोष्ट वेगळी. ढगातली वाफ पाणी न होता थेट गोठते, तेव्हा पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत एकमेकांना धरतात. म्हणून त्या कणाला सहा कोपरे येतात आणि पुढे त्या कोपऱ्यांतून सहा फांद्या फुटतात. हिमकणाला कोपरे सहाच का, हा प्रश्न जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान्स केपलर यांनी १६११ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात असे ५,००० हून अधिक फोटो जमवले.

तेव्हा विणताना पाकळ्या सहाच ठेवा. पाच किंवा आठ पाकळ्यांचे फूल सुंदर दिसेल, पण ते बर्फाचे होणार नाही. सहाची ही मांडणी आपल्याला परकी नाही. कंपासने वर्तुळ काढा आणि कंपासचे अंतर न बदलता परिघावर खुणा करत चला. बरोबर सहा खुणांत तुम्ही निघालेल्या जागी परत येता. जुन्या दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या दगडी जाळ्यांत सहा टोकांचे तारे दिसतात, त्यांच्या मुळाशी हीच साधी युक्ती आहे.

आता विणकाम. कुणाच्या घरी क्रोशा म्हणतात, कुणाच्या घरी क्रोशिया. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे छोटा आकडा. आकडा असलेली ही एक सुई, म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीची, आणि पांढऱ्या सुती दोऱ्याचा एक गुंडा एवढे साहित्य पुरते. टाकेही तीनच लागतात. साखळी सगळ्यांना येते. सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब. एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका म्हणजे खांब.

सहा साखळ्या घालून शेवटची पहिलीला जोडा, म्हणजे कडे तयार होईल. पहिल्या फेरीत तीन साखळ्या घाला, हा पहिला खांब धरायचा. मग कड्यात आणखी एक खांब आणि दोन साखळ्या. त्यानंतर ‘दोन खांब, दोन साखळ्या’ असे कड्यातच पाच वेळा करा आणि फेरी जोडून घ्या. खांबांच्या सहा जोड्या आणि त्यांच्यामध्ये सहा खिडक्या दिसल्या पाहिजेत. इथे मोजणी चुकली तर पुढे काही सुधारत नाही, म्हणून इथेच थांबून मोजा.

दुसऱ्या फेरीत दोरा न तोडता सरकत पहिल्या खिडकीत या. प्रत्येक खिडकीत दोन खांब, तीन साखळ्या आणि पुन्हा दोन खांब घाला. एका खिडकीतून दुसरीकडे जाताना एक साखळी घ्या. आता सहा टोके वर आलेली दिसतील. तिसऱ्या फेरीत प्रत्येक टोकावरच्या तीन साखळ्यांच्या जागेत आधी एक मुका खांब घाला. मग तीन कड्या करा, पहिली तीन साखळ्यांची, दुसरी पाचांची, तिसरी पुन्हा तीनांची. कडी करताना साखळ्या झाल्या की सुई त्यांतल्या पहिल्या साखळीत घालून जोडायची. तीन कड्या झाल्या की त्याच जागेत आणखी एक मुका खांब. पुढच्या टोकाकडे जाताना तीन साखळ्या, मधल्या एका साखळीच्या जागेत एक मुका खांब आणि पुन्हा तीन साखळ्या. फेरी पुरी झाली की दोरा तोडून टोक मागच्या टाक्यांत लपवा.

सुईवरून उतरलेले फूल चुरगळलेले आणि मऊ असते, त्याने निराश होऊ नका. त्याचे रूप खळीने उघडते. भाताची पातळ पेज गाळून घ्या किंवा साबुदाण्याची पातळ खळ करा. तीत फूल बुडवून हलकेच पिळा. थर्माकोलवर कागद ठेवून मघाशी सांगितलेले वर्तुळ आणि सहा खुणा काढा. एकेक टोक एकेका खुणेवर ताणून न गंजणारी टाचणी लावा आणि रात्रभर वाळू द्या. साखरेच्या पाण्यानेही फूल कडक होते, पण आपल्याकडे त्यावर मुंग्या चढतात. पावसाळ्यात दमट हवेने फूल पुन्हा मऊ पडते. तेव्हा धुऊन दुसऱ्यांदा खळ द्यायची, एवढेच.

हे फूल आले की बऱ्याच गोष्टी आल्या. टोपीची सुरुवातही अशाच कड्याने होते. फेरीगणिक टाके वाढवत गेले की सपाट चकती होते आणि वाढवणे थांबवले की टोपीची भिंत उभी राहते. पाण्याच्या भांड्यावरची जाळी, जिच्या कडेला मणी ओवून वजन दिलेले असते, तीही तशीच. जुजदानाची कड, दस्तरखानाची झालर, उशीच्या अभ्र्याची लेस, या सगळ्यांना साखळी, खांब आणि मुका खांब हेच टाके पुरतात.

आता मोलाकडे येऊ. कापड यंत्रमागावर निघते, स्वेटर यंत्रावर निघतो. पण क्रोशाचे खरे विणकाम अजून कारखान्यातल्या यंत्राला जमलेले नाही. यंत्राची म्हणून जी ‘क्रोशा लेस’ मिळते, ती वेगळ्या पद्धतीची विण असते, फक्त दिसायला तशी. याचा अर्थ असा, की बाजारात क्रोशाची एखादी खरी वस्तू फार स्वस्त दिसली, तर ती कुणीतरी हातानेच विणलेली आहे आणि त्या हाताला फार थोडे मिळाले आहे.

हे कसे घडते ते पाहायचे तर आंध्र प्रदेशातल्या नरसापूरकडे पाहावे. गोदावरीच्या काठावरच्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले, की बायका रोज तासन्‌तास विणत होत्या, तरी त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हते. त्या ‘घरी बसणाऱ्या’ आणि लेस म्हणजे त्यांचा ‘रिकाम्या वेळचा उद्योग’. व्यापार पुरुषांच्या हाती होता आणि त्याला मात्र व्यापारच म्हटले जात होते. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण ‘रिकामा वेळ’ हे दोन शब्द आपल्याही घरांत आहेत, आणि बाईची मजुरी बुडते ती याच दोन शब्दांत.

आपल्या घरात रिकामा वेळ कुणाला असतो? पहाटेचा चहा, मुलांचे डबे, धुणे, सासूबाईंची औषधे, संध्याकाळच्या भाकरी. यांच्या मधून काढलेला एकेक तास रिकामा नसतो, तो झोपेतून किंवा विश्रांतीतून काढलेला असतो. मग शेजारची खाला प्रेमाने म्हणते, “दोऱ्याचे पैसे घे ना बेटा, आपल्याच घरचं आहे.” दोऱ्याचे पैसे मिळतात, तासांचे राहून जातात.

समजुतीसाठी एक हिशेब मांडू. एका फुलाला विणून, खळ देऊन, टाचण्या लावून पाऊण तास लागतो असे धरा. १२ फुलांना ९ तास झाले. फूल १५ रुपयांना दिले तर हाती येतात १८० रुपये. दोरा, खळ, टाचण्या आणि पिशव्या यांचे ४० रुपये वजा केले, उरले १४०. म्हणजे एका तासाला जेमतेम साडेपंधरा रुपये. आता उलटा हिशेब करा. तासाला निदान ४० रुपये हवेत असे ठरवले, तर ९ तासांचे ३६० आणि सामानाचे ४०, एकूण ४००. तेव्हा एका फुलाची किंमत ३४ रुपये निघते. आकडे तुमच्या हाताच्या वेगाने बदलतील, पण रीत हीच ठेवा. आधी तास, मग सामान, मग किंमत.

गिऱ्हाईक ३४ रुपये द्यायला तयार नसेल तर फूल लहान करा, फेरी कमी करा किंवा ज्या वस्तूला योग्य दाम मिळतो ती विणा. सगळ्या वस्तूंना बाजार नसतो, हेही हिशेब मांडल्यावरच कळते. आणि भेट द्यायची असेल तर मोकळ्या मनाने भेट द्या, त्याची गोडी वेगळीच. फक्त भेट आणि विक्री यांची गल्लत करू नका.

एकटीने दर वाढवून मागणे अवघड असते. अहमदाबादमध्ये इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना उभी केली. तिथे गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायकाही संघटित झाल्या. त्यांत मुस्लिम बायका मोठ्या संख्येने होत्या. घरात बसून काम करणाऱ्या, व्यापाऱ्याने दिलेला दर मुकाट घेणाऱ्या या बायकांनी एकत्र येऊन दर वाढवून मागितला. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करारच स्वीकारला. आपल्या देशातही २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची मोफत नोंदणी होते आणि घरी बसून काम करणारी बाई त्यात नाव नोंदवू शकते. नोंदणीने लगेच पैसे मिळतात असे नाही, पण ‘काही करत नाही’ याऐवजी कागदावर ‘कामगार’ असे लागते.

एकत्र येणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारीबरोबर आपले उमरगा आणि लोहारा हे भागही उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. घरांची दुरुस्ती कशी व्हावी, पैसा कसा खर्च व्हावा, हे त्यांनी गावात समजावले आणि तपासलेही. भिंतीचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांच्या लेकी-सुनांना दोऱ्याचा हिशेब जड जाऊ नये. पाच-सहा जणींनी मिळून दोरा ठोक भावात आणावा, एकाच दरावर ठाम राहावे आणि बचत गटाच्या वहीत विक्री मांडावी.

कमाई कुणाची, हा प्रश्नही येतोच. ती विणणारीची. घरात द्यायची की नाही, किती द्यायची, हे तिने ठरवावे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडे कमावीत, शिवण करीत आणि आपल्या हातची मिळकत गरजूंना देत. हाताने कमावणे आणि कमाई आपल्या मर्जीने खर्चणे, दोन्हींचा आदर्श आपल्या घरात आहे.

दोन गोष्टी घरातल्यांसाठी. एक, विणकाम खिडकीपाशी उजेडात व्हावे आणि तासाभराने मान-बोटे मोकळी करावीत. डोळे आणि मनगट यांची भरपाई कुठल्याही दरात होत नाही. दुसरी, मुलीच्या हाती सुई द्या, पण वही-पुस्तक काढून घेऊन नको. दहावीच्या वर्षाला १२ फुलांची ऑर्डर पुरी करणे हे तिचे काम नव्हे. ती शिकली तर हा हिशेब तीच आपल्याला शिकवील.

या महिन्यात एक वही करा. तिच्यात तीन रकाने आखा, तास, सामान आणि मिळालेले पैसे. महिनाभर खरे आकडे लिहा आणि शेवटी घरातल्या सगळ्यांसमोर बेरीज वाचा. तुमची बेरीज काय आली ते आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या अंकात वाकळीविषयी लिहू, तेव्हा तुमचे आकडे आमच्या कामी येतील.