मुंग्यांना बोलावणारी अळी

आधी माझी चूक सांगतो. मागच्या आठवड्यात मुंगी चावली म्हणून मी शाळेच्या बोरीखालच्या वारुळात गरम पाण्याचा तांब्या ओतला. दोनच दिवसांनी बाईंनी वर्गात एका फुलपाखराची माहिती सांगितली, आणि मला वाईट वाटलं.

हे फुलपाखरू आपल्याकडचं नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दाट, ओल्या जंगलांत त्याचं मोठं कुळ आहे. त्यातल्या पुष्कळांच्या पंखांवर चांदीचा वर्ख लावावा तसे चमकदार ठिपके नि रेघा असतात. आकाराने लहान, आणि पुष्कळदा पानाच्या खालच्या बाजूला बसतात, म्हणून सहज दिसत नाहीत.

पण खरी गंमत अळीची! याच कुळातल्या थिस्बे इरेनिया या फुलपाखराची अळी एरंडाच्या जातकुळीतल्या झुडपावर वाढते. तिच्या पाठीवर शेपटाकडे दोन ग्रंथी असतात. त्यांतून गोड थेंब येतात, ते मुंग्या पितात. बदल्यात मुंग्या तिला गांधीलमाश्यांपासून राखतात. मुंग्यांना बोलवायचं कसं? तिच्या डोक्यामागे दोन बारीक कांड्या असतात. डोकं हलवलं की त्या खरबरीत डोक्यावर घासतात, आपण कंगव्यावरून काडी फिरवतो ना, तशा. ती थरथर फांदीतून मुंग्यांपर्यंत जाते. फिलिप डिव्हराईस या शास्त्रज्ञाने हे १९९० साली दाखवून दिलं. ज्या अळ्यांना असा आवाज करता येत नव्हता, त्यांच्याकडे मुंग्या कमी आल्या.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या अळीचं आम्हाला काय? आपल्या बोरीवर पांढरी-काळी ठिपक्यांची इवली फुलपाखरं येतात. ती वेगळ्या कुळातली, पण त्यांच्या अळ्यांनाही मुंग्या राखतात. मी काल पानं उलटून पाहिली. एका हिरव्या, चपट्या अळीवर तीन मुंग्या फिरत होत्या.

आता पालकसभेत वारुळावर पावडर मारायचं ठरणार, असं कानावर आलंय. माझं मत विरुद्ध आहे. मुंग्या खिचडीच्या सामानाला लागतात, स्वयंपाकाच्या मावशींना त्रास होतो, हे खरंच. पण गुळाच्या डब्याचं झाकण नीट लागत नाही, त्यात मुंग्यांचा काय दोष? डबा पाण्याच्या परातीत ठेवा, माझी आजी तसंच करते. सांडलेली शितं आम्ही सातवीची मुलं रोज झाडू. एक महिना बघा, तोवर पावडर आणू नका.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी