विभक्त घर, सामायिक विहीर

वाटणी म्हटली की आपल्याकडे लगेच चेहरे पडतात. घर फुटले, असे लोक म्हणतात. कळंब तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा, पारावर हा विषय निघतोच. परंतु प्रत्येक वाटणी म्हणजे भांडणच असते काय? मला तसे वाटत नाही. काय वेगळे केले, काय सामायिक ठेवले आणि कागद कसा जपला, यावर ती वाटणी शहाणपणाची की नाशाची हे ठरते. हा विचार मला सुचला तो मात्र शेताच्या बांधावर नव्हे, तर संगणकासमोर.

मोबाइलवर आपण मराठी वाचतो, तेव्हा त्या अक्षरांचे साचे कोणीतरी घडवलेले असतात. ‘नोटो’ हा अशाच फॉन्टांचा एक मोठा संच आहे. साचा नसलेल्या अक्षराच्या जागी पडद्यावर रिकामी चौकट उमटते. तिला गमतीने ‘टोफू’ म्हणतात. टोफू कुठेही दिसू नये, म्हणून हे नाव! गूगलने २०१६ साली हा संच जाहीर केला, तेव्हा त्यात ८०० हून अधिक भाषांची सोय होती. संच मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याच्या मूळ फाइली कोणीही पाहाव्यात, वापराव्यात, चूक दिसल्यास दुरुस्ती सुचवावी. त्यासाठी दाम मोजावा लागत नाही.

अशा फाइली जिथे ठेवतात त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. आपण तिला कोठार म्हणू. पण हे नुसते साठवणीचे कोठार नव्हे. कोणता बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, याची नोंदही तिथेच असते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज जगभर ही नोंदवही सांभाळते.

नोटोमधल्या बहुतेक लिप्यांचे फॉन्ट पूर्वी एकाच मोठ्या कोठारात नांदत होते. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांची वाटणी झाली आणि लिपीवार स्वतंत्र कोठारे निघाली. देवनागरीलाही आपले घर मिळाले. माझे मत असे, की हे योग्यच झाले. अरबी लिपी जाणणारा देवनागरीची वेलांटी कशी तपासणार? शंभर लिप्यांच्या तक्रारी एकाच ढिगात पडल्या, तर आपल्या एका जोडाक्षराची तक्रार वर कधी येणार? काम वेगळे, जाणकार वेगळे, मग दार वेगळे असण्यात वावगे काय?

यावर कोणी म्हणेल, की एकाच्या शंभर चुली झाल्या म्हणजे खर्चही शंभरपट वाढला. आक्षेप खोटा नाही. पण आपल्याकडे जमीन वाटली तरी विहीर सामायिक राहते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. नोटोच्या मंडळींनी तेच केले. फॉन्ट बांधण्याची व तपासण्याची अवजारे त्यांनी सर्वांसाठी समाईक ठेवली. वावर वेगळे, विहीर एक!

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कोठार वेगळे करताना दोन मार्ग असतात. नुसत्या फाइली उचलून नव्या जागी ठेवणे, हा सोपा मार्ग. त्या भागाच्या साऱ्या जुन्या नोंदी निवडून सोबत नेणे, हा कष्टाचा. जमिनीची वाटणी झाली की फेरफाराची नोंद होते आणि नव्या सातबाऱ्यावर तिचा क्रमांक येतो. त्या क्रमांकाचे बोट धरून आपण जुन्या मालकापर्यंत पोहोचतो. फेरफार नसलेला सातबारा कोण मानील?

भाषेच्या कामात या नोंदींचे मोल किती, हे एका उदाहरणाने सांगतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक काय तो एका रफाराचा. उद्या एखाद्या परभाषक तंत्रज्ञाला फाइलीत ‘ऱ्य’साठी केलेली खास तजवीज दिसली आणि ती कशासाठी हे सांगणारी नोंद तिथे नसली, तर तो ती निरुपयोगी समजून काढून टाकील. मग आपल्या आचार्यांना आचाऱ्यांच्या पंगतीत बसावे लागेल! दोष त्या तंत्रज्ञाचा नसेल, नोंद मागे टाकून आलेल्यांचा असेल.

चांगल्या वाटणीचा नमुना पाहायला परदेशी जायला नको. आपल्या ग्रंथालयातले मराठी विश्वकोशाचे खंड काढून पाहा. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाच्या छत्राखाली ते काम सुरू झाले आणि १९७६ साली पहिला खंड निघाला. पुढे व्याप वाढला, म्हणून १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. पण काम वाईलाच चालू राहिले, धुरा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडेच राहिली आणि खंडांचे क्रमांकही पुढेच चालले. घर वेगळे झाले, धागा तुटला नाही.

मग कोणी उत्साही मित्र विचारील, की देवनागरीतून मराठीचेही वेगळे कोठार का काढू नये? आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून निराळ्या वळणाचा आहे ना? अभिमान चांगला, पण इथे मी नाही म्हणेन. वळणाचा हा फरक एकाच फॉन्टात, भाषा ओळखून, दाखवता येतो. बाकीची बहुतेक अक्षरे आपण हिंदी, नेपाळी, कोकणी यांच्यासह वापरतो. त्यांची फारकत केली, तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागेल आणि राखणदार नसलेले आपले कोठार ओस पडेल. जिथे काम वेगळे तिथे बांध घालावा. केवळ मानापमानासाठी घालू नये.

शेवटी प्रश्न उरतो तो राखणदाराचा. हे काम संगणकवाल्यांचे, आपण कला शाखेचे, असे म्हणून आपण अंग काढून घेतो. पण ‘ऱ्य’ चुकीचा उमटला हे ओळखायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, मराठी लागते. आणि ती तर आपण पदवीसाठी शिकतो! एखादे जोडाक्षर मोडलेले दिसले, तर त्याचे चित्र काढून, योग्य रूप कोणते व का, हे चार ओळींत त्या कोठाराला कळवणे एवढेच पहिले पाऊल आहे. प्राध्यापकांनी ते वर्गात करून घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

देवनागरीला घर मिळाले आहे. त्याचे दार उघडे आहे. आत जाऊन दिवा लावणार कोण? तो आपणच लावायला हवा.