कौले फोडणारे सर की हात थांबवणाऱ्या ताई?

आमच्या गावात दर रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर कराटेचा वर्ग भरतो. आम्ही २२ मुले आहोत. त्यात मुली ७. शिकवायला तालुक्याच्या गावाहून दोघे जण येतात. एक सर आणि एक ताई. पण जूनपासून दोघांपैकी एकच जण येणार, कारण दोघांना देण्याइतके पैसे जमत नाहीत. कोणाला बोलवायचे ते येत्या पालकसभेत ठरणार आहे. सभेत आम्हां मुलांना कोणी विचारत नाही. पण सभेला येणारी माणसे हे भित्तिपत्रक उभे राहून वाचतात, हे मी पाहिले आहे. म्हणून माझे मत इथे लिहिते.

सरांचा पट्टा काळा आहे. २६ जानेवारीला त्यांनी सगळ्या गावासमोर एका दणक्यात ६ कौले फोडली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, अगदी हात लाल होईपर्यंत. सर मेहनती आहेत. पाऊस असला तरी वेळेवर येतात. पण कोणी चुकले की ते पायावर पट्ट्याचा फटका देतात आणि म्हणतात, "म्हशीवानी उभा राहू नकोस." मग सगळे हसतात. या हसण्यामुळे दोन मुली आणि एक मुलगा यायचे बंद झाले.

ताईंचा पट्टा तपकिरी आहे. त्या कौले फोडत नाहीत. पहिले दोन महिने त्यांनी आम्हांला फक्त वाकून नमस्कार करायला, नीट उभे राहायला आणि मूठ वळायला शिकवले. मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत ठेवायचा नाही, नाहीतर ठोसा मारताना तो मोडू शकतो. मग इची, नी, सान, शी, गो असे जपानी आकडे म्हणत हवेत ठोसे मारायचे. समोर जोडीदार असेल तर ठोसा त्याच्या नाकाच्या चार बोटे अलीकडे थांबवायचा. मोठी मुले म्हणायची, "ताईंचं कराटे म्हणजे नुसते नमस्कार-चमत्कार." मलाही तसेच वाटायचे.

आता माझी चूक सांगते. दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाने माझी वेणी ओढली. मी मूठ वळली आणि दिली ठेवून. त्याचा ओठ फुटला, रक्त आले. खरे सांगायचे तर आधी मला अभिमानच वाटला. पण काकी तावातावाने आमच्या दारात आली. म्हणाली, "पोरीच्या जातीला हे शिकवलं कुणी?"

रविवारी ताईंना सगळे कळले. मी शिक्षेसाठी हात पुढे केला. पण ताईंनी मारले नाही. वर्ग सुटल्यावर त्या मला घेऊन काकीच्या घरी गेल्या. पायरीवर उभ्या राहून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काकी, चूक माझीपण आहे. हिला मूठ वळायला शिकवली, पण थांबायला शिकवणं राहून गेलं." काकी भांडायच्या तयारीत होती. ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "बस गं बाई, च्या टाकते." मला मात्र तेव्हा रडू आले. त्यापेक्षा पट्ट्याचा फटका परवडला असता.

पुढचे तीन रविवार ताईंनी मला जोडीदार दिला नाही. झाडाला दोरीने झेंडूचे फूल टांगले आणि सांगितले, "जोरात ठोसा मार, पण फुलाला लागला नाही पाहिजे." पहिल्या दिवशी फुलाच्या पाकळ्या झाल्या. तिसऱ्या रविवारी फूल जागच्या जागी राहिले.

आमचे आबा तरुणपणी तालमीत जायचे. ते म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मी ताईंना विचारले, "तुम्हीपण राखता का?" त्या म्हणाल्या, "मी काही राखत नाही. पण राग आवरता येईपर्यंत पुढचं देत नाही." आबांना सांगितले तर ते म्हणाले, "मग ती खरी वस्ताद."

आमच्या गुरुजींनी आम्हांला कराटेची माहिती सांगितली. कराटे या शब्दाचा अर्थ रिकामा हात. ते जपानच्या ओकिनावा बेटावरून आले. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत ते लोकांना करून दाखवले. त्यांचा जन्म १८६८ सालचा. लहानपणी ते सारखे आजारी असायचे आणि मोठेपणी शाळेत शिक्षक झाले. म्हणजे आपल्या गुरुजींसारखेच! कराटेची सुरुवात नमस्काराने आणि शेवटही नमस्काराने, अशी त्यांची शिकवण होती. म्हणजे नमस्कार-चमत्कार हेच खरे कराटे आहे.

अजून एक गोष्ट ऐका. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली कराटे होते. पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचे तारेग हमेदी पुढे होते. त्यांनी इराणच्या सज्जाद गंजजादेह यांना इतकी जोरात लाथ मारली की ते बेशुद्ध पडले. आम्हांला वाटले, मारणारा जिंकला. पण पंचांनी हमेदींना बाद केले आणि सुवर्णपदक गंजजादेह यांना मिळाले. कारण लाथ ताब्यात नव्हती. म्हणजे ऑलिंपिकमध्येसुद्धा हात-पाय थांबवता आले पाहिजेत.

काही जण म्हणतात, बाईमाणसाकडून मुलगे काय शिकणार? पण आमच्या तिसरीच्या वर्गाला बाईच होत्या. सगळे मुलगे त्यांच्याकडूनच पाढे शिकले. पाढे चालतात, मग ठोसा का चालत नाही? काही म्हणतात, ताई मारत नाहीत म्हणून पोरे डोक्यावर बसतील. त्यांनी एकदा रविवारी येऊन पाहावे. ताई बोलताना कोणी हूं की चूं करत नाही. काही म्हणतात, काळा पट्टा मोठा आणि तपकिरी लहान. हे खरे आहे. पण आमचे पट्टे अजून पांढरे आणि पिवळे आहेत. तपकिरी आमच्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे.

मला वाटते, शिकवणाऱ्याने किती कौले फोडली ते पाहू नये. त्याने शिकवलेली मुले घरी आणि शाळेत कशी वागतात ते पाहावे. मुलाची चूक झाली की जो स्वतः त्याच्याबरोबर जाऊन माफी मागतो, तो शिक्षक चांगला.

म्हणून सर्व पालकांना माझी नम्र विनंती आहे की, जूनपासून ताईंनाच बोलवावे. सरांना वर्षातून दोन वेळा परीक्षा घ्यायला बोलवावे, म्हणजे त्यांचाही मान राहील आणि पैसेही पुरतील. आणि त्या यायच्या बंद झालेल्या दोघी मुली आणि एक मुलगा यांनी परत यावे. आता कोणी हसणार नाही.

– इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी