पुढचें पाठ, मागचें सपाट

'पुढचें पाठ, मागचें सपाट' ही म्हण आपल्या घरांत कोणास ठाऊक नाहीं? परीक्षेचा हंगाम आला कीं ती वडीलधाऱ्यांच्या ओठीं येते, आणि बहुधा घरांतल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या नांवाला कायमची चिकटते. रात्रीं अकरा वाजेपर्यंत जो मुलगा पुस्तक घेऊन बसला होता, तोच सकाळीं साध्या प्रश्नास निरुत्तर होतो. मग काका म्हणतात, 'याचें लक्षच नाहीं'. आत्याबाई म्हणतात, 'बुद्धीच बेताची'. आणि मुलगा मनांत म्हणतो, 'आपण मठ्ठच.' पहिलीं दोन मतें दोन दिवसांत विरून जातात. तिसरें मात्र त्या मुलाबरोबर वर्षानुवर्षें चालतें. म्हणून या खेपेस आम्ही वाचकांपुढें एवढाच प्रश्न ठेवतों: दोष मुलाच्या बुद्धीचा, कीं अभ्यासाच्या रीतीचा?

या विषयाचा शास्त्रीय शोध घेणारांत अग्रमान हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताचा. त्याचा ग्रंथ १८८५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा विषय तो स्वतःच होता. अर्थहीन अक्षरांच्या माळा रचावयाच्या, त्या बिनचूक म्हणतां येईपर्यंत पाठ करावयाच्या, आणि कांहीं वेळानें त्याच पुन्हा पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजावयाचें, असा त्याचा क्रम असे. वीस मिनिटांनीं सुमारें ५८ टक्के श्रम वांचत, एका दिवसानें सुमारें ३४ टक्के, आणि महिन्यानें सुमारें २१ टक्के. म्हणजे विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच उरकतो. पुढें ओहोटी मंदावते. एवढ्या व्यासंगी पंडिताची जी गत, ती आपल्या बारा वर्षांच्या नातवाची झाली तर त्यांत नवल काय?

त्याच ग्रंथांत दुसरी एक नोंद आहे. बारा अक्षरांची माळ एबिंगहाउसनें एकदां एकाच बैठकींत ६८ वेळां घोकली. दुसऱ्या खेपेस तसल्याच माळेच्या ३८ आवृत्त्या तीन दिवसांत वांटून केल्या. पुढच्या दिवशीं पाहतों, तों दोहोंचें फळ सारखेंच! तीस आवृत्त्यांचे श्रम वांचले, ते केवळ मध्यें अंतर ठेवल्यानें. एका धोधो सरीचें पाणी वाहून जातें आणि थांबून थांबून पडलेलें जमिनींत मुरतें, हें आपल्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं.

दुसरा शोध आमच्या मतें याहूनही मोलाचा आहे. अमेरिकेंत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर व कार्पिकी या दोन संशोधकांनीं केलेले प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांनीं महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस शास्त्रविषयक लहान उतारे अभ्यासावयास दिले. एका गटास चार पाळ्या, आणि चारही वाचनाच्या. दुसऱ्या गटास पहिली पाळी वाचनाची. उरलेल्या तीन पाळ्यांत उतारा दृष्टीआड करून, आठवेल तें कागदावर लिहून काढावयाचें. ज्यांची परीक्षा पांच मिनिटांनीं घेतली, त्यांत वाचणारे पुढें राहिले: त्यांस ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहून काढणारांस ७१. परंतु ज्यांची परीक्षा आठवड्यानें घेतली, त्यांत पारडें फिरलें. वाचणारांजवळ ४० टक्के उरलें होतें, आणि आठवून लिहिणारांजवळ ६१ टक्के. शिवाय वाचणारांनीं तो उतारा सरासरी चौदा वेळां वाचला होता. लिहिणारांनीं तीन-चार वेळांच. आणि 'आठवड्यानें हें कितपत आठवेल?' असें अभ्यास संपतांच विचारलें, तेव्हां सर्वांत अधिक भरंवसा कोणास होता म्हणाल? केवळ वाचणारांस!

ही गोष्ट मोठ्या विद्यार्थ्यांपुरतीच नाहीं. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत स्पिट्झर यांनीं सहाव्या इयत्तेच्या ३,६०५ मुलांवर असाच प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. वाचावयाचे विषय भुईमूग आणि बांबू. वाचन होतांच ज्यांस त्यावर प्रश्न विचारले, त्यांच्या ध्यानांत तो मजकूर कांहीं आठवड्यांनींही अधिक राहिला.

असें कां व्हावें? कारण ओळखणें आणि आठवणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. लग्नमंडपांत एखादे गृहस्थ सामोरे येतात. चेहरा पूर्ण ओळखीचा, पण नांव कांहीं केल्या ओठीं येत नाहीं. धडा तिसऱ्यांदा वाचतांना नेमकें हेंच घडतें. प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, डोळा कोठें अडखळत नाहीं, आणि मन ग्वाही देतें, 'हें मला येतें.' परीक्षेंत ती ओळ समोर नसते. तेथें नांव आपलें आपणच काढावें लागतें. आठवण्याचा प्रत्येक यत्न म्हणजे त्या वाटेवरची एक खेप. खेपा झाल्या म्हणजे वाट मळते. म्हणूनच थोडें विसरल्यावर कष्टानें आठवलेलें अधिक टिकतें. २०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अभ्यासाच्या दहा रीतींची छाननी केली. तींत स्वतःची परीक्षा घेणें आणि अभ्यास वांटून करणें या दोनच रीतींस वरचें स्थान मिळालें. पुन्हा पुन्हा वाचणें आणि ओळींवर रंग फासणें यांस खालचें.

कोणी म्हणेल, 'ही तर जुनी घोकंपट्टीच. मुलांनीं समजून शिकावें असें आम्हांस वाटतें.' वाटणें रास्त आहे, परंतु आक्षेप येथें लागू पडत नाहीं. घोकणें म्हणजे पुस्तकावर डोळे ठेवून तीच ओळ वारंवार म्हणणें. येथें पुस्तक मिटावयाचें आहे. जुन्या पाठशाळेंतला विद्यार्थी पोथीवांचून संथा म्हणून दाखवी आणि चुकला तर गुरुजी तेथल्या तेथें सुधारीत. त्या पद्धतींतलें आठवणें आणि सुधारणें एवढें उचलावें, आणि त्यास अर्थाची जोड द्यावी. कार्पिकी व ब्लंट यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुस्तक समोर ठेवून विषयाचा आराखडा काढणारे आणि पुस्तक मिटून आठवणारे यांची तुलना केली होती. आठवड्यानें आठवणारेच सरस ठरले. आणि तेही केवळ पाठांतराच्या प्रश्नांत नव्हे, तर विचार करून अनुमान काढावयाच्या प्रश्नांतही.

तर मग घरीं काय करावें? धडा एकदां समजून वाचावा, पुस्तक मिटावें, आठवेल तें आपल्या शब्दांत लिहावें किंवा सांगावें, आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावें. हें ताडून पाहणें कधींही टाळूं नये. नाहींतर चूकच मनांत घर करावयाची. तोच धडा पुन्हा परवां आठवावा, मग आठवड्यानें, मग महिन्यानें. एका रात्रींत चार तास बसण्यापेक्षां चार दिवस एकेक तास बरा.

एकत्र कुटुंबास तर या कामीं मोठी सोय आहे. प्रश्न विचारणारास उत्तर ठाऊक असलेंच पाहिजे असें नाहीं. जेवणें आटोपल्यावर आजींनीं सुपारी कातरतां कातरतां 'आज शाळेंत काय सांगितलें, तें मला समजेल असें सांग पाहूं' एवढें म्हटलें, तरी एक पाळी पुरी झाली. नातीनें पाऊस कसा पडतो हें सांगावें, आणि आजींनीं विचारावें, 'मग सारा ढग एकदम कां गं खालीं येत नाहीं?' ती अडली तर धांवत पुस्तकाकडे जाईल. त्या धांवण्यांत जें वाचील, तें सहसा विसरणार नाहीं. मात्र हे प्रश्न म्हणजे उलटतपासणी नव्हे. पाहुण्यांदेखत ते विचारूं नयेत, चुकीस हसूं नये, आणि थोरल्याच्या गुणांशीं धाकटीची तुलना करूं नये. ज्या मुलास चुकण्याचें भय पडलें, तें आठवून पाहण्याचें सोडून देतें आणि पुन्हा पुस्तकांत तोंड खुपसून बसतें.

बुद्धीचें माप सर्वांस सारखें मिळालेलें नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तें माप काढण्यापूर्वीं मुलाच्या हातीं योग्य रीत दिली होती काय, हें वडिलांनीं आधीं पाहिलें पाहिजे. 'मठ्ठ' हा शब्द उच्चारावयास क्षणही लागत नाहीं, आणि तोही मुलाच्या मनांत आठवून आठवूनच पक्का होतो. तेव्हां सुज्ञ वाचकांस आमचें एवढेंच सांगणें, कीं मूल अडलें म्हणजे 'पुन्हा वाच' असें म्हणूं नये. 'पुस्तक मीट, आणि जेवढें आठवतें तेवढें मला सांग' असें म्हणावें, आणि तें सांगेल तें स्वस्थ बसून ऐकावें.