उचकी आणि कमरख

उचकी थांबत नाही म्हणून डायलिसिसचा रुग्ण दवाखान्यात येतो, तोवर घरी साखर चाखवून झालेली असते आणि ‘कुणीतरी आठवण काढतंय’ अशी थट्टाही. युरिया वाढला असेल असं धरून आपण उचकीची गोळी लिहितो. कमरख खाल्लं होतं का, हे विचारायचं राहून जातं.

ब्राझीलच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये कमरखाची बाधा झालेल्या, मूत्रपिंडं निकामी असलेल्या ३२ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३० जणांना न थांबणारी उचकी होती. शिवाय उलट्या, भ्रम, काहींना झटके. ज्यांचं हिमोडायलिसिस तातडीने झालं, ते गंभीर असूनही सावरले. गंभीर अवस्थेत पोटाच्या डायलिसिसवर ठेवलेले किंवा उपचारच न मिळालेले वाचले नाहीत. दहा वर्षांनी ब्राझीलमधल्याच रिबेराव प्रेतोच्या संशोधकांनी या फळातलं कॅरँबॉक्सिन हे मेंदूवर काम करणारं विष वेगळं काढलं. धडधाकट मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकतं. निकामी झालेलं टाकू शकत नाही.

गोची अशी की इथे आपला आहारतक्ताच फसतो. किडनीच्या रुग्णाला फळं द्यायची ती पोटॅशियम बघून. शंभर ग्रॅम केळ्यात ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, कमरखात जेमतेम १३०. म्हणजे कमरख बिनबोभाट पास! वर ‘क’ जीवनसत्त्व चांगलं, उष्मांक कमी, असं प्रशस्तिपत्रही. तक्त्यात ते ‘वर्ज्य’ म्हणून ठसठशीत हवं, आणि एका नावाने भागणार नाही. कमरख, करंबळ, स्टार फ्रूट, सगळी लिहावीत. गाडीवरची तिखटमीठ लावलेली पाच टोकांची चकती खाणाऱ्याला नाव ठाऊक असेलच असं नाही. चित्र काढून दाखवलेलं बरं.

निरोगी माणसाने चार चकत्या खाल्ल्या तर बिघडत नाही. उपाशीपोटी पेलाभर रस म्हटला की मात्र मूत्रपिंडाला बाधणाऱ्या, फळातल्या ऑक्झलेटचा हिशेब बदलतो. कमरखाची सख्खी बहीण बिलिंबी. कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून तिचा रस प्यायलेल्या केरळातल्या दहा जणांची मूत्रपिंडं एकाएकी बिघडल्याची नोंद २०१३ मध्ये झाली; सात जणांना डायलिसिस लागलं. कोकण-गोव्यात माशाच्या आमटीत पडणाऱ्या दोन-चार बिलिंब्यांना यात गोवू नये. पण क्रिएटिनिन अचानक चढलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर, वेदनाशामक गोळ्यांच्या चौकशीखाली, घरगुती रसांचीही एक ओळ असावी.