एकच नोंद, दोनदा

कीर्दीतील एक रक्कम खतावणीत दोनदा चढली तर काय होते, हे व्यापारी घरात कोणास समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या दप्तरात अशी एक दुबार नोंद सुमारे सत्तर वर्षे तशीच राहिली, आणि तिच्यावर एका गाजलेल्या स्पर्धेचा निकाल उभा होता.

१९१० साली डेट्रॉइटच्या मोटार कारखान्याचे प्रमुख ह्यू चाल्मर्स यांनी जाहीर केले की, त्या हंगामात ज्याची फलंदाजीची सरासरी सर्वांत अधिक भरेल त्या खेळाडूस आपल्या कंपनीची मोटार बक्षीस मिळेल. चाल्मर्स हे पूर्वी रोकड नोंदवणारी यंत्रे बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत वरिष्ठ पदावर होते. आकड्याचे आकर्षण गिऱ्हाइकास कसे खेचते याची त्यांना उत्तम जाण होती. बेसबॉलमधील सरासरीचे गणितही सोपे. फलंदाजास मिळालेल्या संधींपैकी किती वेळा त्याने चेंडू मारून सुखरूप पहिला बेस गाठला, याचा भागाकार म्हणजे सरासरी. अशा यशस्वी फटक्यास हिट म्हणतात.

हंगाम संपत आला तेव्हा दोघेच शर्यतीत उरले. डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजोई. कॉब अव्वल दर्जाचा, पण स्वभावाने असा की स्वतःच्या संघातही त्याचे मित्र थोडे. लाजोई उलट सर्वांचा आवडता. त्याच्या नावावरून त्याच्या संघास ‘नॅप्स’ म्हणत. आघाडीवर असलेला कॉब शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. सरासरी जपण्यासाठी तो बसून राहिला, अशी चर्चा झाली. संधी घेतलीच नाही तर सरासरी घटणार कशी?

९ ऑक्टोबर रोजी सेंट लुईस येथे लाजोईचे एकाच दिवशी दोन सामने होते. प्रतिस्पर्धी संघाचे व्यवस्थापक जॅक ओकॉनर यांनी तिसऱ्या बेसवरील नवख्या क्षेत्ररक्षकास बरेच मागे उभे राहण्यास सांगितले. लाजोईचा पहिला फटका खरोखर दूर गेला. त्यानंतर मात्र तो बहुधा चेंडू हलकेच थोपवून तिसऱ्या बेसच्या दिशेस सोडत राहिला, आणि मागे उभा असलेला रक्षक धावत येईपर्यंत पहिल्या बेसवर पोहोचत राहिला. दिवसाअखेर आठ हिट जमा झाले. एक फटका हिट म्हणून लिहिला गेला नव्हता, तर नोंद ठेवणाऱ्यास निरोप गेला: तो हिट करा, नवा सूट मिळेल. त्या गृहस्थाने आपली नोंद बदलली नाही. या साऱ्या प्रकरणात ताठ मानेने उभा राहिलेला माणूस शोधायचा तर तो हा लेखनिकच.

चौकशी झाली. ओकॉनर यांची नोकरी गेली, लाजोईवर ठपका आला नाही. लीगने अधिकृत आकडे प्रसिद्ध केले. कॉबचे ५०९ संधींत १९६ हिट, म्हणजे सरासरी ०.३८५१, लाजोईचे ५९१ संधींत २२७, म्हणजे ०.३८४१. जेता कॉब ठरला. चाल्मर्स यांनी दोघांनाही मोटार दिली. दिलदारी खरीच; शिवाय जाहिरातही दुप्पट झाली.

दोष केवळ खेळाडूंच्या नीतीचा मानणे अपुरे होईल. एकाच आकड्यावर मोटार टांगली की कोणी तो आकडा जपण्यासाठी बसून राहतो, कोणी तो फुगवण्यास हातभार लावतो. चाल्मर्स यांनी हे ओळखले. पुढच्याच वर्षापासून मोटार सरासरीस नव्हे, तर क्रीडा-वार्ताहरांच्या मंडळाने निवडलेल्या सर्वांत उपयुक्त खेळाडूस मिळू लागली.

आकड्यांवरील स्पर्धा मात्र संपल्या नाहीत. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये एक नवा डाव मांडला. ते ज्या उपाहारगृहात जमत त्याच्या नावावरून त्यास ‘रोटिसेरी’ म्हणू लागले. ठरावीक रकमेत खऱ्या खेळाडूंचा लिलाव करून प्रत्येकाने आपला कागदी संघ बांधायचा, आणि मैदानावर ते खेळाडू जे करतील त्याचे आकडे हंगामभर आपल्या खात्यात जमा करायचे. येथे कसोट्या आठ ठेवल्या होत्या, चार फलंदाजीच्या आणि चार गोलंदाजीच्या. एकीत जोर लावून जिंकता येत नसे. हिशेब ठेवणाऱ्याचे काम मात्र आठपट झाले, आणि ते छापील आकड्यांवरून हातानेच करावे लागे.

अशा डावात सर्वांचा भरवसा मूळ वहीवर असतो. नेमकी तीच वही आकडेशास्त्राचे अभ्यासक पीट पामर यांनी तपासली. १९१० च्या सप्टेंबरमधील एक सामना कॉबच्या पानावर दोनदा चढला होता: तीन संधी, दोन हिट. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने हे प्रसिद्ध केले. ती नोंद वजा केली की ५०६ संधींत १९४ हिट उरतात आणि सरासरी ०.३८३४ होते. लाजोई पुढे जातो.

बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त बोवी कून यांनी निकाल बदलण्यास नकार दिला. जुना ताळेबंद पुन्हा उघडला तर किती खाती हलतील, ही भीती समजण्यासारखी आहे. पण चूक सापडल्यावरही जमा तशीच ठेवणे कोणत्याही पेढीवर चालले नसते.

त्या दोन हिटनी पुढेही पाठ सोडली नाही. कॉबच्या कारकिर्दीतील एकूण हिट ४१९१ मानले जात. ११ सप्टेंबर १९८५ रोजी पीट रोझने सिनसिनाटी येथे आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर ४१९२ वा हिट मारला आणि विक्रम मोडल्याचा मोठा सोहळा झाला. दुबार नोंद काढली तर कॉबचा आकडा ४१८९ होतो. रोझने ४१९० वा हिट तीन दिवस आधी शिकागोत, परक्या मैदानावर मारला होता.