मार्टिनीतली दुसरी बाटली

दारूचं नाव काढलं की पान उलटणाऱ्या वाचकांनी या आठवड्यापुरतं शेजारचं सदर वाचावं, राग मानू नये. पण हल्ली आपल्याकडच्या घरांतही पाहुण्यांपुढे व्हिस्की-सोड्यापलीकडचं काही ठेवायची हौस आली आहे, आणि त्यात मार्टिनीचं नाव हमखास निघतं. मग होतं काय, यजमान परदेशी जिनची महागडी बाटली आणतात, त्रिकोणी ग्लास आणतात आणि पहिल्या घोटाला पाहुण्यांचा चेहरा काढा प्यायल्यासारखा होतो. दोष जिनला दिला जातो. खरी गुन्हेगार बहुतेक वेळा दुसरीच बाटली असते.

मार्टिनीत जिन्नस दोनच, जिन आणि ड्राय व्हर्मुथ. लपायला जागाच नाही. मिसळीत मसाला कमी-जास्त झाला तर फरसाण सांभाळून घेतं, इथे तसं कुणी नाही.

व्हर्मुथ म्हणजे वनौषधी घालून, थोडा मद्यार्क मिसळून मुरवलेली वाइन. हे नाव 'व्हेरमुट' या जर्मन शब्दावरून आलं. व्हेरमुट म्हणजे एक कडू वनस्पती, चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच कुळातली. इटलीतल्या तुरीन शहरात कार्पानो नावाच्या गृहस्थाने १७८६ मध्ये गोडसर व्हर्मुथ विकायला सुरुवात केली असं मानतात. फ्रान्सची कोरडी, फिकट व्हर्मुथ त्यानंतरची. मार्टिनीला ही कोरडीच लागते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. 'मार्टिनी' हे तुरीनच्याच एका व्हर्मुथ कंपनीचंही नाव आहे. दुकानात बाटलीवर ठळक अक्षरांत 'मार्टिनी' दिसलं की लोकांना वाटतं, तयार पेय मिळालं! त्यातही हाताला लागते ती बियांको किंवा रोसो, दोन्ही गोड. तुम्हाला हवी 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली. नॉयी प्रा किंवा डोलॅनची ड्राय मिळाली तर उत्तमच. आपल्या गावच्या दुकानांत या बाटल्या क्वचित दिसतात. पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा पणजीच्या मोठ्या दुकानांत विचारावं. लहान बाटली मिळाली तर तीच घ्या.

का, ते सांगते. व्हर्मुथमध्ये मद्यार्क साधारण १५ ते १८ टक्केच. जिन कपाटात वर्षभर राहते, व्हर्मुथ राहत नाही. झाकण उघडलं की ती वाइनसारखी उतरू लागते. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. शोकेसमध्ये गेल्या दिवाळीपासून उभी असलेली बाटली मार्टिनीला वापरू नका. चमचाभर चाखून बघा, शिळ्या सरबतासारखी लागली तर निकाल लागलाच.

आता जिन. तिचा प्राण ज्युनिपरच्या फळांत. आयुर्वेदातली हपुषा ती हीच. २०१७ साली 'ग्रेटर दॅन' आली आणि पुढच्याच वर्षी 'हपुसा' आणि 'स्ट्रेंजर अँड सन्स'. तिन्ही गोव्यात बनलेल्या. 'हपुसा'त तर हिमालयातलं ज्युनिपर असतं. साध्या मार्टिनीला माझ्या मते 'ग्रेटर दॅन'सारखी सरळ चवीची बरी; मसालेदार जिन व्हर्मुथला बोलूच देत नाही. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून चोर्ल्यातून डिकीत चार बाटल्या घालून आणायचा मोह मात्र आवरा. बिनपरवाना आणणं कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही अबकारी गुन्हा आहे. आणि भरवशाच्या दुकानाबाहेर कुणी 'इंपोर्टेड' अर्ध्या किमतीत देत असेल तर हात जोडावेत. रिकाम्या परदेशी बाटल्या पुन्हा भरून विकण्याचा धंदा जुना आहे.

बर्फाकडे कुणी बघत नाही. आपलं राकसकोपचं पाणी कितीही गोड असो, फ्रीजरमध्ये शेजारी बांगडे असतील तर बर्फालाही बांगड्यांचा वास लागतो! झाकणाच्या डब्यात मोठे खडे करा.

प्रमाण असं: जिन ६० मिली, व्हर्मुथ १२ मिली. भांडं भरून बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळायचं आणि गाळून थंडगार ग्लासात ओतायचं. बॉण्डसाहेब हलवून घेतात, पण हलवल्याने बर्फाचे तुकडे पडतात आणि पेय गढूळ होतं. ढवळताना १५-२० मिली पाणी सुटतं आणि ते हवंच. काही जण जिन फ्रीजरमध्ये ठेवतात. ती गोठत नाही, पण मग बर्फही फारसा वितळत नाही आणि पेय जाळत जातं. अशा वेळी दोन-तीन चमचे गार पाणी वरून घालावं.

वर लिंबाची साल किंवा ऑलिव्ह. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, पांढरा भाग न घेता अलगद काढा, नाहीतर कडवटपणा उतरतो. ऑलिव्ह अख्खे आणि मिठाच्या पाण्यातले हवेत, पिझ्झावर घालायच्या चकत्या नकोत. ते न मिळाले तर मी एक गावठी तोड काढली आहे. गोव्याकडे कोवळ्या कैऱ्या मिठात चेपून ठेवतात, ती तोरं. त्यांतलं एक आणि बरणीतलं अर्धा चमचा खारं पाणी. साहेब नाक मुरडेल, पण घरी आलेल्यांनी दुसऱ्यांदा मागितली आहे.

दुसऱ्यांदा देताना मात्र हिशेब सांगावा. ग्लास दिसतो इवलासा, पण त्यात लार्ज पेग आहे आणि सोडा एक थेंबही नाही. तयार पेयात तीसेक टक्के मद्यार्क राहतो. खारे दाणे, चीज, तळलेले मासे आधी समोर हवेत आणि परत जाताना गाडी चालवणाऱ्याच्या हाती कोकम सरबत.

उरलेल्या व्हर्मुथचं काय, हा प्रश्न येणारच. लोण्यावर लसूण परतून सुरमईचे तुकडे टाका, अर्धी वाटी व्हर्मुथ ओता, झाकण न ठेवता आटू द्या आणि वर कोथिंबीर. सोबत पाव.